परदेशात मुलांसह विज्ञान केंद्र पाहताना : सॅन फ्रान्सिस्कोचे एक्स्प्लोरेटोरियम

मोरपीस (धागाकर्ती)

उन्हाळ्याच्या सुटीत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या (बे एरियातल्या) नातलगांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात गोल्डन गेट पूल, अल्काट्राझ आणि योसेमिटी ही नावे आधीच ठरलेली असतात. मुलांसाठी म्हणून एक्स्प्लोरेटोरियमला एखाद्या दुपारचे दोन तास दिले जातात. ते फारच अपुरे आहेत. शिवाय मोठ्यांनी तेथे कसे वागायचे हे आधी ठरवलेले नसेल, तर पूर्ण दिवस देऊनही मुलांच्या पदरात फारसे पडत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. माझी मुले आठ आणि बारा वर्षांची असताना आम्ही तेथे गेलो होतो. त्या अनुभवाच्या आधारे हा धागा काढते आहे. इतर देशांतल्या अशा केंद्रांबद्दलही येथे लिहावे, ही विनंती.

या संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो कळला की आतली मांडणी अशी का आहे याचा उलगडा होतो. संस्थापक फ्रँक ओपेनहायमर हे अणुबॉम्ब प्रकल्पाचे शास्त्रीय नेतृत्व करणाऱ्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू. तेही पदार्थवैज्ञानिक होते आणि त्याच प्रकल्पात काम करत होते. १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाशी पूर्वी असलेल्या संबंधांवरून अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांची चौकशी झाली आणि मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली. पुढे कितीतरी वर्षे त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली आणि नंतर तेथल्याच एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. पुढे कोलोरॅडोच्याच विद्यापीठात शिकवू लागल्यावर विद्यार्थ्यांना वाचनालयातल्या पुस्तकांसारखे प्रयोग हाताळता यावेत, म्हणून त्यांनी प्रयोगांचा संग्रह उभा केला. १९६५ मध्ये ते युरोपातली विज्ञान संग्रहालये पाहून आले आणि १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस ऑफ फाइन आर्ट्समध्ये त्यांनी एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले. २०१३ पासून ते समुद्रालगतच्या पिअर १५ या धक्क्यावर आहे. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असे फ्रँक ओपेनहायमर म्हणत असत, आणि आत शिरल्यावर या वाक्यामागचा विचार पदोपदी जाणवतो. पाहण्याचा ठरावीक मार्ग नाही, काचेमागे ठेवलेल्या वस्तू जवळजवळ नाहीत आणि उपकरणे जेथे तयार होतात ती कार्यशाळासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर आहे. लेथवर काम करणारा माणूस आणि त्याने बनवलेले उपकरण एकाच छताखाली पाहायला मिळणे, ही मुलांच्या दृष्टीने मला अतिशय मोलाची गोष्ट वाटते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक उपकरणांजवळच्या पाटीवर आधी काय करून पाहायचे ते लिहिलेले असते आणि ते तसे का घडते याचा खुलासा त्यानंतर येतो. आपण पालक मात्र घाईघाईने थेट खुलासा वाचतो, तो मराठीतून मुलाला सांगतो आणि पुढच्या उपकरणाकडे वळतो. मूल ऐकून घेते, मान डोलावते, आणि त्याचा हात उपकरणाला लागतो न लागतो तोच तेथून हलावे लागते.

रंगीत सावल्यांचे उदाहरण देते. एका पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिव्यांचे झोत वेगवेगळ्या बाजूंनी पडतात. तिन्ही मिळून पडदा पांढराच दिसतो. माझ्या मुलीने मध्ये हात धरला आणि पडद्यावर एकाऐवजी तीन हात उमटले : एक पिवळा, एक गुलाबी-जांभळा आणि एक मोरपंखी. लाल दिव्यासमोर धरलेल्या हाताची सावली लाल का नाही, हा प्रश्न तिला पडला होता हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. उत्तर माझ्या ओठांवर होते, पण मी ते दिले नाही. तिने हात पडद्याजवळ नेला, तेव्हा सावल्या एकमेकींवर चढल्या आणि जेथे दोन सावल्या एकत्र आल्या तेथे गर्द निळा, लाल, हिरवा असे रंग दिसू लागले. अगदी मध्यभागी, तिन्ही सावल्या मिळाल्या तेथे, काळा रंग होता. मग तिने एकेका दिव्यासमोर तळहात धरून कोणती सावली नाहीशी होते हे पाहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “म्हणजे सावली लाल दिव्याची असली, तरी तिथे बाकीच्या दोघांचा उजेड पडतोय.” या एका वाक्यासाठी आम्ही त्या कोपऱ्यात एवढा वेळ घालवला की त्या दालनातली बाकीची उपकरणे पाहायची राहून गेली, आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, सगळे पाहून झाले पाहिजे हा हिशेब प्रवेशद्वाराशीच सोडून द्यावा. एखादे किंवा फार तर दोन दालने निवडावीत आणि मूल जेथे रमेल तेथे त्याला रमू द्यावे. तिकिटाच्या रकमेला रुपयांनी गुणून ती उपकरणांच्या संख्येने भागण्याची आपली सवय समजण्यासारखी आहे, कारण परदेशप्रवास आपल्याला महागच पडतो. पण येथे त्या हिशेबाने नेमके मुलांचेच नुकसान होते.

दूरदेशी

उत्तम धागा. मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तेथे वारंवार जातो, म्हणून काही व्यावहारिक माहिती देतो.

बार्ट या स्थानिक रेल्वेने एम्बार्कडेरो स्थानकावर उतरून समुद्राच्या कडेने चालत जाता येते. मुलांना आवडेल असा पर्याय म्हणजे एफ मार्गावरची जुन्या बनावटीची ट्राम, जी संग्रहालयाच्या अगदी जवळ थांबते. गुरुवारची संध्याकाळ केवळ अठरा वर्षांवरील प्रौढांसाठी राखलेली असते, त्यामुळे मुलांना घेऊन गुरुवारी उशिरा जाण्याचा बेत करू नये. सुटीचा वार आणि वेळा निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

दुसरी बाब हवेची. जुलै महिना म्हणून मुलांना पातळ कपड्यांत आणले, तर धक्क्यावरच्या गार वाऱ्याने ती कुडकुडतात, आणि बाहेरच्या मोकळ्या भागातली उपकरणे पाहायची राहतात. त्या भागात दोन धक्क्यांना जोडणारा एक पूल आहे आणि ठरावीक वेळी त्यावर शेकडो बारीक तोंडांतून धुके सोडले जाते. ही कलाकृती जपानी कलावती फुजिको नाकाया यांची आहे. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत जगातले पहिले कृत्रिम हिमस्फटिक तयार केले होते. हे मुलांना सांगितले की धुक्यात शिरताना ती हातावर जमणारे थेंब निरखून पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या नातलगांसाठी एक सूचना. तुमच्या गावच्या विज्ञान केंद्राचे सदस्यत्व असेल, तर परस्पर सवलतीच्या योजनेत सहभागी असलेल्या इतर केंद्रांत प्रवेश विनामूल्य मिळू शकतो. मात्र ते केंद्र घरापासून आणि तुमच्या केंद्रापासून ९० मैलांपेक्षा दूर असावे लागते आणि सहभागी केंद्रांची यादी बदलत राहते. पाहुण्यांसह जाण्यापूर्वी ती यादी तपासावी आणि एका सदस्यत्वावर किती जणांना प्रवेश आहे हेही विचारून घ्यावे.

खडूफळा

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. धागाकर्तीच्या म्हणण्याचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो.

मोठ्यांनी गप्प बसावे, हे अर्धेच खरे आहे. मुलाला गंमत वाटली, त्याने चार वेळा दांडा फिरवला आणि तो पुढे गेला, हेदेखील अशा केंद्रांत सर्रास घडते. माझ्या विद्यार्थ्यांना सहलीला नेल्यावर मी ते नेहमी पाहतो. हाताने केलेल्या गोष्टीला शब्द मिळाले नाहीत, तर ती केवळ करमणूक म्हणून विसरली जाते. रंगीत सावल्यांच्या उदाहरणात मुलीने अखेरीस वाक्य उच्चारले, म्हणूनच तो अनुभव पक्का झाला. सगळीच मुले आपणहून असे वाक्य उच्चारत नाहीत. काहींना ते उच्चारण्यासाठी कोणीतरी विचारावे लागते. म्हणून उत्तर सांगू नये हे मान्य, पण प्रश्न विचारणे हे मोठ्या माणसाचे काम आहे आणि ते त्याने टाळू नये. “आता काय होईल असे तुला वाटते?” हा प्रश्न मूल हात लावण्यापूर्वी विचारावा. अंदाज चुकला की कुतूहल जागे होते.

भाषेचाही मुद्दा आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी पाटी वाचून काहीच कळले नाही, तर त्याला परकेपणा वाटतो. तेव्हा पाटीवरचा निदान पहिला भाग, म्हणजे काय करून पाहायचे तेवढा, मराठीत सांगायलाच हवा.

मोरपीस (धागाकर्ती)

खडूफळा, आपला मुद्दा मला पटतो, विशेषतः अंदाज विचारण्याचा. माझा आक्षेप प्रश्नांना नाही, तर आधीच देऊन टाकलेल्या उत्तरांना आहे. तरीही एक भर घालते. काही उपकरणांत हाताला जे कळते, त्याला शब्द मिळायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण दिला पाहिजे.

तेथे एक अतिशय जड लंबक टांगलेला आहे. त्याला हाताने ढकलायचे नाही. दोरीला बांधलेला एक छोटासा लोहचुंबक त्याला चिकटवायचा आणि दोरी ओढायची. जोराने ओढले की चुंबक लगेच सुटून येतो. माझ्या मुलाने प्रथम सारी ताकद लावली आणि चुंबक पुनःपुन्हा त्याच्या हातात आला. नंतर त्याच्या ध्यानात आले की, अगदी हलकेच ओढायचे, सोडायचे, आणि लंबक आपल्याकडे येऊ लागला की पुन्हा तेवढेच हलके ओढायचे. हळूहळू तो प्रचंड गोळा डोलू लागला, आणि अखेरीस एवढा झोका घेऊ लागला की आम्ही मागे सरकलो. झोपाळ्यावर लहान भावंडाला झोका देताना आपण हेच करतो. अनुनाद ही संज्ञा मी त्याला तेथे सांगितली नाही. शाळेत तो धडा आला तेव्हा त्याने आपणहून त्या गोळ्याची आठवण काढली. ती संज्ञा तेव्हाच सांगितली असती तर काही बिघडले असते, असा माझा दावा नाही. पण हाताला आधी कळले आणि नाव मागाहून मिळाले, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो.

पारिजात

आम्ही पुढच्या महिन्यात जाणार आहोत. तेथे गाईच्या डोळ्याचे विच्छेदन करून दाखवतात असे ऐकले. आमच्या घरचे वातावरण शाकाहारी आहे, सासूबाई सोबत असतील आणि मुलगी सहा वर्षांची आहे. हे टाळता येते का, की अचानक समोर येते? सासूबाईंच्या गुडघ्यांचाही त्रास आहे, त्यांचा दिवस तेथे कसा जाईल, याचीही काळजी वाटते.

दूरदेशी

आपली शंका रास्त आहे. ते प्रात्यक्षिक ठरावीक वेळी एका टेबलाजवळ होते. नारिंगी जाकीट घातलेले तरुण साहाय्यक ते करून दाखवतात. त्यांच्यापैकी बरेच जण शाळकरी वयाचे असतात. आपल्याला पाहायचे नसेल तर त्या बाजूला न जाता दिवस सुखाने घालवता येतो. प्रवेश करताना विचारून घेतले की कोठे आणि केव्हा आहे ते सांगतात.

तरीही हे प्रात्यक्षिक काय असते ते सांगतो, म्हणजे निर्णय घेणे सोपे जाईल. डोळ्याचा बाहेरचा जाड पडदा कापून आतले भाग एकेक करून दाखवले जातात. त्यातले भिंग बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवले की त्याखालची अक्षरे मोठी दिसतात. नंतर डोळ्याच्या मागच्या बाजूचा निळसर हिरवा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चकाकणारा थर दाखवतात. रात्री रस्त्यावर गाडीच्या दिव्यात गाईबैलांचे डोळे चमकतात ते या थरामुळे, कारण तो प्रकाश परत उलटवतो आणि अंधुक उजेडात जनावराला अधिक चांगले दिसते. माणसाच्या डोळ्यात तो नसतो. माझ्यासोबत आलेल्या काही कुटुंबांनी ते पाहिले, काहींनी नाही. दोन्ही निर्णय योग्यच होते. सहा वर्षांच्या मुलीला आधी विचारावे आणि ती नको म्हणाली तर आग्रह करू नये.

सासूबाईंसाठी : संपूर्ण इमारतीत चाकाची खुर्ची फिरवता येते. वरच्या मजल्यावरच्या निरीक्षण कक्षात मोठमोठ्या काचांमधून खाडी, जहाजे आणि शहर दिसते. तेथे खाडीचे जुने आणि नवे नकाशे मांडलेले आहेत. त्यांना तेथे निवांत बसता येईल. काड्यांनी बनवलेले सॅन फ्रान्सिस्को शहरही त्यांना जरूर दाखवा. दात कोरण्याच्या एक लाखाहून अधिक काड्या चिकटवून एका स्थानिक कलावंताने ते अनेक दशके खपून उभे केले आहे. त्यातून टेबल टेनिसचा चेंडू सोडला की तो पुलांवरून, उतारांवरून घरंगळत सारे शहर फिरून खाली येतो.

जाईजुई

माझ्या अनुभवात अशा केंद्रात आजी-आजोबा हे मुलांचे सर्वांत चांगले सोबती ठरतात. आईवडिलांना उत्तर सांगण्याची घाई असते, माझ्या आईला तशी घाई नव्हती, आणि “मला दाखव बरं, हे कसं केलंस?” असे तिने मनापासून विचारल्यावर नातवाने तिला तीन वेळा समजावून सांगितले. खडूफळा म्हणतात ते शब्द त्याला तेथेच सापडले.

ॲम्स्टरडॅमच्या नेमो केंद्राबद्दल लिहिते, कारण आम्ही तेथे जवळ राहतो. रेंझो पियानो या वास्तुकाराने आखलेली, हिरव्या जहाजासारखी दिसणारी ही इमारत १९९७ मध्ये पुरी झाली. ती पाण्याखालून जाणाऱ्या वाहतुकीच्या बोगद्याच्या तोंडावर उभी आहे. उतरत्या छतावर तिकीट न काढताही जाता येते, आणि दमलेल्या मुलांना तेथे मोकळे सोडता येते. आत साखळीने एकापुढे एक घडत जाणाऱ्या क्रियांचे जे प्रात्यक्षिक होते, ते चुकवू नये. पालकांनी एक माहिती आधीच ठेवावी. वयात येणाऱ्या मुलांसाठी तेथे शरीर आणि लैंगिकता यांविषयीचा एक विभाग आहे आणि डच पद्धतीप्रमाणे तो अगदी मोकळा आहे. माझ्या मते तो उत्तम आहे, आणि घरी बोलायला अवघड जाणारे विषय तेथे सहज निघतात. पण लहान भावंडे सोबत असतील तर आधी एकाने जाऊन पाहावे.

लाटालहरी

महाराष्ट्रातून पहिल्यांदाच परदेशी जाणारी बरीच कुटुंबे सिंगापूरला येतात, म्हणून जुरोंगच्या विज्ञान केंद्राचा उल्लेख करते. ते १९७७ मध्ये सुरू झाले. टेस्ला कॉइलचे (कृत्रिम विजेचे लोळ सोडणाऱ्या यंत्राचे) प्रात्यक्षिक आणि कित्येक फूट उंच उठणारा आगीचा भोवरा ही तेथली मोठी आकर्षणे. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी किड्सस्टॉप हा वेगळा विभाग आहे, त्याचे तिकीटही वेगळे असते. बहुतेक सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात हे केंद्र नसते, त्यासाठी मोकळा दिवस स्वतः राखून ठेवावा लागतो. दुपारच्या उकाड्यात मुले बाहेर फिरून वैतागतात, तेव्हा हा दिवस सार्थकी लागतो.

मेपलपान

टोरांटोला येणाऱ्यांसाठी : १९६९ मध्येच उघडलेल्या ऑन्टारिओ सायन्स सेंटरची डॉन मिल्स येथली जुनी इमारत छताच्या कारणावरून जून २०२४ मध्ये बंद करण्यात आली. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून तेथे जाऊ नका. सध्या त्यांचे कार्यक्रम कोठे चालू आहेत ते पाहूनच बेत ठरवा.

खडूफळा

एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. एक्स्प्लोरेटोरियमने आपल्या मोठ्या उपकरणांच्या घरगुती आवृत्त्या तयार करून त्यांची कृती सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे. रंगीत सावल्यांसाठी तीन रंगांचे दिवे आणि एक पांढरी भिंत पुरते. प्रवासाला निघण्यापूर्वी यांतले एकदोन प्रयोग घरी केले, तर तेथे गेल्यावर ओळखीचे काहीतरी भेटल्याचा आनंद मुलांना होतो आणि इंग्रजी पाटीची भीती उरत नाही. परतल्यावर करायचे ठरवले तर सहसा शाळा सुरू झालेली असते आणि ते मागे पडते.

जे परदेशी जाणार नाहीत त्यांच्यासाठीही लिहितो. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आणि पणजीजवळ मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र २००१ पासून हाताने करून पाहण्याच्या याच विचारावर चालते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी तेथे काम करत असताना आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या बाटल्या आणि वर्तमानपत्रे यांपासून शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य मिळतात. माझ्या शाळेत प्रयोगशाळा नावालाच आहे, पण व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि काड्या यांपासून त्रिकोण व चौकोन करून त्यातला कोणता दाबल्यावर आकार बदलतो, हे पाचवीच्या मुलांनी स्वतः शोधले आणि मग पत्र्याच्या छताखालच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मला येऊन सांगितले.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. बेत बदलला आहे. त्याच दिवशी संध्याकाळी ठरवलेली जलसफर पुढे ढकलली आणि पूर्ण दिवस याच केंद्राला ठेवला. प्रवासाचा शीण आणि वेळेतला फरक लक्षात घेऊन पोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस वगळले आहेत. पूर्ण काळोखात रांगत, केवळ स्पर्शाने वाट शोधायचा जो घुमट आहे, तो सहा वर्षांच्या मुलीला चालेल का?

दूरदेशी

त्या घुमटासाठी वेगळे आरक्षण लागते आणि वयाची अट असते, शिवाय आत मिट्ट काळोख असतो. सहा वर्षांच्या मुलीसाठी तो नको. तिला सकाळी दार उघडताच मोठ्या अंतर्वक्र आरशाकडे न्यावे. तेव्हा गर्दी नसते, आणि हवेत आपल्याच दिशेने येणाऱ्या आपल्याच हाताला हात लावायचा प्रयत्न तिला हवा तितका वेळ करता येईल. पाटी वाचायची गरज पडणार नाही.